परळ, भायखळा आणि लूकचा आठवा अध्याय

गुरुवार

नेवासा फाट्यावरून पहाटेची एसटी धरली तेव्हा आर्द्रा लागली होती आणि आमच्या भागात पेरण्या खोळंबलेल्या होत्या. मृगाने हूल दिली. घाई करून ज्यांनी बाजरी टाकली त्यांचं बी कोरड्या मातीत पडून आहे, आणि जे थांबले ते रोज आभाळाकडे बघतात. बसमध्येही तीच बोलणी. आळेफाट्यापर्यंत रानं कोरडीठाक. ओतूर मागे टाकून माळशेजच्या घाटात शिरलो आणि समोरचा रस्ता दिसेना इतका पाऊस. शेजारी बसलेले एक म्हातारे बाबा काचेवरून वाहणारं पाणी बघून म्हणाले, "हाच जरा आपल्याकडं सरकला असता तर काय बिघडलं असतं?" सगळी बस गप्प झाली, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

मी निघालो होतो भाऊसाठी. भाऊ म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, नगरच्या डॉक्टरांनी टाटाला पाठवलं, आणि वहिनी व पुतण्या त्याला घेऊन मुंबईत येऊन राहिले. आमचं दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण शेताचा बांध. वाटणी झाल्यावर दर नांगरटीला तो बांध कोरत गेला आणि माझी बाजू कमी होत गेली. मोजणी झाली, तहसील कचेरीचे हेलपाटे झाले, विहिरीच्या पाळीवरून एका रात्री काठ्या निघायच्याच राहिल्या. खेड्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. दोघेही एकाच चर्चला जाणारे. तो पुढच्या बाकावर बसायचा, मी मागच्या.

आमच्या घरी दिवेलागणीला बायबलमधलं वचन वाचायची पद्धत आजोबांपासूनची आहे. आवडीचा अध्याय निवडायचा नाही, क्रमाने वाचत जायचं. म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय ठरल्या वेळी येतोच. पेत्र विचारतो, प्रभू, माझ्या भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि प्रभू सांगतो, सातांच्या सत्तर वेळा. हे मी मोठ्याने वाचायचो, मुलांना समजावून द्यायचो, प्रार्थना करायचो, आणि सकाळी रानात गेल्यावर बांध दिसला की पोटात पूर्वीसारखंच ढवळायचं. वर्षामागून वर्षं असंच चाललं. या वचनाचं माझ्यात काही होतंय का, असा प्रश्न मला मनापासून पडलेला होता. तो घेऊनच मी मुंबईला निघालो होतो.

कल्याणला लोकल पकडली. समोर एक गृहस्थ दांडीला एक हात अडकवून दुसऱ्या हातात छोटा हरिपाठ धरून उभे होते. इतकी रेटारेटी, तरी ओठ हलत होते. डोळे अक्षरांवर नव्हतेच, सगळं तोंडपाठ असणार; पण पान मात्र ते वेळेवर उलटत होते. आमचं नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव, त्यामुळे पारायणाला बसणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. तोच ग्रंथ, त्याच ओव्या, दरवर्षी. नवीन काय मिळतं असं त्यांना कुणी विचारत नाही आणि विचारलं तर त्यांना प्रश्न कळणारही नाही.

भायखळ्याला बहिणीकडे पिशवी ठेवली आणि दाजींना घेऊन परळला गेलो. टाटाच्या आजूबाजूचे पदपथ पहिल्यांदा पाहणाऱ्याला हलवून टाकतात. प्लास्टिक बांधून त्याखाली अख्खी कुटुंबं, स्टोव्ह, फायलींच्या पिशव्या छातीशी धरलेल्या बाया. आमच्या वहिनीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली होती, हे मोठंच.

भाऊ खाटेवर टेकून बसला होता. अर्धा झालेला. नाकातून नळी. मला बघून म्हणाला, "आलास का?" आवाज घोगरा. मी म्हटलं, "आलो." एवढंच बोलणं झालं.

त्याची संध्याकाळच्या पेजेची वेळ झाली होती. वहिनींनी दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज नळीच्या तोंडाला बसवली, गाळून घेतलेली पातळ पेज तीत ओतली आणि हात उंच धरून उभ्या राहिल्या. दाबायचं नाही, असं सिस्टरांनी बजावलेलं. पेज आपल्या वजनाने, आपल्या गतीने उतरते. घाई केली तर मळमळतं, उलटी होते. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुऊन काढायची. वहिनींचा हात भरून आलेला दिसला तेव्हा मी म्हटलं, "द्या इकडं." त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली. पेजेची पातळी केसाकेसाने खाली जाताना बघत मी उभा राहिलो. मध्येच थांबते असं वाटतं, आणि परत सरकायला लागते. एक वाटी पेज जायला बराच वेळ लागला.

निघताना पुतण्या म्हणाला, "काका, पप्पांना वाचून दाखवता का काही? त्यांचे डोळे दुखतात." मी विचारलं कुठून. भाऊच म्हणाला, "लूक काढ. पहिल्यापासून." पहिले दोन अध्याय वाचले. जखऱ्या आणि अलीशिबा म्हातारी होईपर्यंत वाट पाहतात, शिमोन मंदिरात वाट पाहतो, हन्ना वाट पाहते. लूकचं शुभवर्तमान सुरूच मुळी वाट पाहणाऱ्या माणसांपासून होतं, हे मला त्या वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली पहिल्यांदा जाणवलं.

शुक्रवार

भेटायची वेळ संध्याकाळची. दिवस मोकळा होता. दाजी कामाला गेले आणि मी भायखळ्यातच हिंडलो.

भायखळा आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना नावाने फार जवळचं आहे, कारण अमेरिकन मराठी मिशन आणि कवी नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत याच मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि तोही त्यांच्या इच्छेप्रमाणे एका भारतीय पाळकाच्या हातून. भायखळ्यात आज मिशनची शाळा आहे, चर्च आहे, आणि चोहीकडून वाढलेल्या इमारती, पुलावरून जाणाऱ्या बसगाड्या, फळबाजाराची गडबड. मी फाटकापाशी उभा राहिलो. पाऊस होता. रखवालदाराने आत बोलावून व्हरांड्यात खुर्ची दिली, काही विचारलं नाही.

टिळकांची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला माहीत असते. १८९३ साली ते आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणं काव्यावर झालं, धर्मावर झालं, आणि उतरण्यापूर्वी त्या माणसाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. हे वाचा, म्हणाले, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते पुढे सांगत.

उपदेशात ही गोष्ट इथे संपवतात. पुस्तक दिलं, दोन वर्षांत पीक आलं. मला मात्र त्या व्हरांड्यात बसल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचीच आठवण जास्त आली. त्यांच्या हातात आगगाडीत कुणी पुस्तक दिलं नव्हतं. नवऱ्याने धर्म सोडला ही बातमी अंगावर वीज पडल्यासारखी आली. पोटचं लेकरू घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने दिवस काढले, रडून रडून प्रकृती गेली. टिळकांच्या दोन वर्षांच्या हिशोबात या बाईंचे दिवस धरलेलेच नाहीत. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण स्वतःचं सोवळं-ओवळं घेऊन. एकाच घरात दोन चुली. मग हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करत, एकेक गाठ सुटत गेली आणि काही वर्षांनी त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. टिळक कवी होते, बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते, पण बायकोच्या बाबतीत त्यांनाही थांबावंच लागलं.

आणि पुढचं बघा. टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर महाकाव्य लिहायला घेतलं होतं. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईतच ते प्रभूमध्ये निजले तेव्हा जेमतेम दहा-साडेदहा अध्याय झाले होते. ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये छापून निघालं. त्या आगगाडीतल्या गृहस्थाला यातलं काय ठाऊक असणार? त्याने एक पुस्तक दिलं आणि आपल्या स्टेशनला उतरून गेला.

हल्ली सकाळी मोबाईलवर वचन येतं आणि खाली लिहिलेलं असतं, आमेन म्हणा, आज संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण मला ते पटत नाही आणि मी पुढे पाठवत नाही. ज्याला संध्याकाळपर्यंत काही मिळालं नाही तो दुसऱ्या दिवशी त्या वचनावरच रुसतो. मी स्वतः मत्तय अठरावर असा रुसण्याच्या काठावर कितीदा जाऊन आलोय. ते टाळलं ते आजोबांच्या शिस्तीने, कारण आवडो-नावडो, दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय वाचायचाच होता.

संध्याकाळी पेज मीच दिली. लूकचा तिसरा, चौथा, पाचवा अध्याय झाला. शेजारच्या खाटेवरचे विदर्भातले काका ऐकत होते. वंशावळीचा लांब भाग आला तेव्हा मी भराभर वाचायला लागलो तर भाऊने हाताने खूण केली, सावकाश.

शनिवार

सकाळीच फोर्टला गेलो. हुतात्मा चौकापासून चालत सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८ चं. आत जुन्या साहेब लोकांची संगमरवरी स्मारकं आहेत, सुंदर आहेत, पण माझं मन तिथे रमलं नाही. तिथून महात्मा गांधी रस्त्यावर बायबल सोसायटीचं दुकान. मुंबईत ही सोसायटी १८१३ मध्ये निघाली. वहिनींसाठी मोठ्या टाइपातलं मराठी बायबल घ्यायचं होतं. त्यांचं जुनं चिकटपट्ट्यांनी धरून ठेवलेलं आहे आणि अक्षर बारीक.

दुकानातल्या बाईंनी पुस्तक कागदात गुंडाळेपर्यंत मी दुसरी प्रत चाळत होतो. हे मराठी पुस्तक आपल्या हातात कसं आलं याचा विचार सहसा आपण करत नाही. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबई बंदरात उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला. अर्ज, विनंत्या, वाटाघाटी यांत दिवस गेले तेव्हा कुठे राहायची परवानगी मिळाली. नॉट आजारपणामुळे परतले. हॉल राहिले. मराठी शिकले, बाजारात उभे राहून बोलले, शाळा काढल्या, भाषांतर केलं. बाप्तिस्मे म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतके. २० मार्च १८२६ रोजी नाशिककडून परतताना वाटेत पटकीने त्यांचा अंत झाला. वय ४१. त्याच वर्षी मुंबईत त्यांच्या मिशनच्या छापखान्यात मराठी नवा करार संपूर्ण छापून झाला.

म्हणजे हॉलच्या डोळ्यांदेखत पीक म्हणावं असं काही उभं राहिलं नाही. नगरला मिशनचं काम सुरू झालं १८३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तिथून ते पुस्तक आमच्या नेवाशाच्या वाड्यावस्त्यांवर पोचलं आणि माझ्या आजोबांच्या वडिलांच्या कानावर पडलं. ते वाचू शकत नव्हते. कुणीतरी वाचलेलं त्यांनी ऐकलं.

त्या छापखान्याची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा तिथे टाइपाचं काम शिकला. त्याच जावजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि निर्णयसागरच्या सुबक अक्षरांत पोथ्या, पुराणं, संस्कृत ग्रंथ घरोघर गेले. लोकलमधल्या त्या गृहस्थांच्या हातातला हरिपाठ मला पुन्हा आठवला. पेरणाऱ्याने काय योजलं होतं आणि कुणाकुणाच्या घरी काय काय गेलं!

दुपारी चर्नी रोडला उतरून चौपाटीवर गेलो. समुद्र खवळलेला, वाळूवर कुणी नाही, भेळवाल्यांनी ताडपत्र्या ओढून घेतलेल्या. चौपाटीवर मला जायचं होतं ते पंडिता रमाबाईंसाठी. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन सुरू केलं ते इथे. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हललं. घर कोणतं, खूण कुठली, हे शोधायला मी गेलो नाही. विल्सन कॉलेजच्या आडोशाला कट्ट्यावर छत्री धरून बसलो.

रमाबाईंच्या आयुष्यात शास्त्र कसं रुजलं ते त्यांनीच सांगून ठेवलंय. लग्नानंतर आसामच्या बाजूला सिलचरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटं पुस्तक सापडलं. ते तिथे कसं आलं तेही त्यांना माहीत नव्हतं. ते होतं बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान. वाचलं, आवडलं. १८८२ मध्ये नवरा गेला, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. कुणालाही वाटेल की झालं, फळ आलं. रमाबाई स्वतः तसं म्हणत नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली, असं त्या लिहितात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं! त्या काळात त्या अमेरिका फिरून आल्या, मुंबईत सदन काढलं, पुण्यातल्या टीकेला तोंड दिलं. लोकांना दिसत होती ती एक कर्तबगार, विद्वान बाई. आत मात्र अजून वाट पाहणं चाललेलं.

आणि शेवटी ज्या बाईने अर्धवट कळलेलं लूक बंगालीत वाचलं होतं तिने केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, बायाबापड्यांना कळावं म्हणून. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

संध्याकाळी वॉर्डात गेलो तर भाऊला झोप लागली होती. वहिनी मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. नवं बायबल त्यांना दिलं. त्यांनी ते उघडलं, अक्षर बघितलं, "दिसतंय की चष्म्याबिगर," म्हणाल्या, आणि मिटून मांडीवर ठेवलं. मग पदराने तोंड पुसलं.

"भाऊजी, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

"हे म्हणत होते, इथून सुटलो की पहिलं मोजणीदाराला बोलवू. बांध होता तिथं घालून देऊ. रात्री झोप लागत नाही त्यांना."

कित्येक वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. ते ऐकल्यावर आपण काय बोलू याची मनात किती तयारी केलेली होती! आणि ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, आधी केमो पार पडू द्या. बांधाचं मी त्यांना काही विचारलंय का?"

हे मी त्यांचं मन राखायला म्हटलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या मी आत शोधून पाहिलं. बांध डोळ्यांपुढे आणला, ती काठ्यांची रात्र आणली, तहसीलमधले खेटे आणले. सगळं आठवत होतं, एकही गोष्ट विसरलो नव्हतो. पण पोटात ढवळत नव्हतं. गुरुवारपासून मी त्याच्या नळीला सिरिंज धरून तासन् तास उभा होतो आणि त्या सगळ्या वेळात बांध एकदाही मनात आला नव्हता. मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

हे कधी झालं? गुरुवारी वॉर्डात पाऊल टाकलं तेव्हा झालं असं मला वाटत नाही. बातमी कळल्यावर मी तिकीट काढलं, म्हणजे त्याआधी काहीतरी झालेलं होतं. त्याच्याही आधी, एखाद्या साध्या संध्याकाळी, मुलांना सातांच्या सत्तर वेळा समजावून सांगताना आणि स्वतःला काही वाटत नसताना झालं असेल का? मार्कने एक छोटा दाखला दिलाय, बाकी कुठल्या शुभवर्तमानात तो नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं आणि वाढतं, पण कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मी शेतकरी आहे, हा दाखला मला फार सोपा वाटायचा. त्या बाकावर बसून तो मला पहिल्यांदा माझ्याबद्दल वाटला.

वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. आत जाऊन सहावा आणि सातवा अध्याय वाचला. सहाव्यात शत्रूंवर प्रीती करायला सांगितलंय. भाऊ डोळे मिटून ऐकत होता आणि मीही न अडखळता वाचत होतो.

रविवार

सकाळची उपासना भायखळ्यात, बहिणीच्या मंडळीत. पेटी, तबला, टिळकांची दोन गीतं. मुंबईची मंडळी वेळेची पक्की, दीड तासात सगळं आटोपलं. आमच्याकडे अजून पहिला उपदेश चालू असता. बहिणीकडे मटण-भाकरी जेवलो आणि परळला गेलो. रविवार म्हणून भेटणाऱ्यांची गर्दी होती, पण आत सोडलं.

क्रमाने आलो होतो, आणि आज आला तो आठवा अध्याय. पेरणाऱ्याचा दाखला. मी निवडला नव्हता.

पहिल्याच ओळींवर भाऊने थांबवलं. "वाटेवर कशाला पेरलं त्यानं?"

हा प्रश्न शेतकऱ्यालाच पडतो. आमच्याकडे पाभरीने, आता ट्रॅक्टरने, सरळ तासात पेरतात. बी वाटेवर जायचं कारणच नाही. मी त्याला सांगितलं, तिकडे त्या काळी झोळीतून मुठीने बी फोकत जायचे. फोकल्यावर थोडं इकडे तिकडे जाणारच. रानातून पायवाटा गेलेल्या, आणि खडकावर कुठे कुठे वीतभरच माती. "मग आपल्या बरडासारखं," तो म्हणाला. "आधी तरारून येतं आणि आधी करपतं."

लूकने इथे एक गोष्ट बरोबर टिपलीय. मत्तय आणि मार्क म्हणतात की त्या रोपाला मूळ नव्हतं म्हणून ते वाळलं. लूक म्हणतो, ओल नव्हती म्हणून. भाऊने मान हलवली. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला ओल म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. वर पाऊस पडून गेला तरी खाली ओल किती गेलीय ते बोट घालून बघावं लागतं.

मग मी पंधरावं वचन वाचलं. चांगल्या जमिनीत पडलेलं बी म्हणजे कोण, तर जे वचन ऐकून चांगल्या आणि प्रामाणिक अंतःकरणात धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. मत्तय आणि मार्क हा अर्थ सांगताना तीसपट, साठपट, शंभरपट असे आकडे देतात. लूक आकडा देत नाही, तो धीर सांगतो. इतकी वर्षं हे वाचत आलोय, आकड्यांकडेच लक्ष जायचं. माझं किती आलं? तीस तरी आलं का? सकाळ-संध्याकाळ बी उकरून बघणाऱ्या पोरासारखं. लूकला ते मोजमाप नकोच आहे. वचन धरून ठेव, एवढंच तो सांगतो. आणि धरून ठेवणं म्हणजे खुरपणी आहेच. याच दाखल्यात काटे आहेत, संसाराची चिंता, पैसा, सुखाचा सोस. ते उपटत राहायचं काम आपल्याकडे आहे. रुजवण्याचं काम आपल्याकडे नाही.

हे सगळं मी भाऊला बोलून दाखवलं नाही. त्याला थकवा आला होता. पेज उतरेपर्यंत दोघे गप्प होतो. नळी धुऊन झाल्यावर त्याने विचारलं, "पेरणी झाली का?"

"अजून नाही. वापसाच नाही. एक चांगला पाऊस पडू दे."

"पोरगं इथं अडकलंय. माझं रान पडीक राहणार यंदा."

"कशाला पडीक? मी घेतो पेरून. दोन्ही रानं एकाच दिवशी करू, ट्रॅक्टर एकच सांगतो."

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. वहिनी पाठ करून डबा आवरत होत्या, पण हात थांबलेले होते. मग भाऊ म्हणाला, "बाजरीचं बी घरात कोठीजवळ आहे, निळ्या पिशवीत. आणि बांधाच्या कडेनं तुरीची एक ओळ टाक. दोन्ही अंगानं."

सोमवार

पहाटे कल्याणहून एसटी. माळशेजला पुन्हा पाऊस, धबधबे रस्त्यावर येत होते. आळेफाट्याला चहा घेताना गावाकडून फोन आला, रात्री दीड तास चांगला पडला म्हणून. वापसा यायला दोन दिवस लागतील. ट्रॅक्टरवाल्याला तिथूनच फोन करून बुधवार सांगितला आणि दोन्ही गट नंबर दिले. त्याने दोनदा विचारलं, दोन्ही? म्हटलं, दोन्ही.

भाऊची पुढची केमो तीन आठवड्यांनी आहे. तेव्हा परत जायचं आहे. तोपर्यंत रोजचा अध्याय पुतण्या वाचणार आहे, वहिनींच्या नव्या पुस्तकातून. नगरला उतरताना त्याचा निरोप आला, "काका, नववा झाला. लूक संपल्यावर पुढं काय घेऊ?" मी कळवलं, प्रेषितांची कृत्ये घे, तेही लूकनेच लिहिलंय, आणि नावं अवघड आहेत तिथे घाई करू नको, पप्पांना सावकाश आवडतं.